रक्तवाहिनी म्हणजे मोरी नव्हे

सकाळी फिरून आलेल्यांच्या कट्ट्यावर हृदयविकाराचा विषय निघाला की एखादे काका हमखास आपली कहाणी सांगायला घेतात. दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवली, पाण्यासारखा पैसा गेला, आणि आता पुन्हा त्याच जागी ऐंशी टक्के ब्लॉकेज. शेजारचे मान डोलावतात. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "सगळा धंदा आहे हो! मोरी साफ करायला माणूस आणला आणि चार दिवसांत ती परत तुंबली, तर त्याला आपण पुन्हा बोलवू का?" दुसऱ्याला ठाऊक असतं की अमुक ठिकाणी सलाइनमधून औषध सोडून ब्लॉकेज विरघळवतात, चिरफाड नाही, काही नाही. तिसरा तिथला फोन नंबर लिहून घेतो.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण त्यातली उपमा रोजच्या घरातली आहे. काकांना ती सुचली याबद्दल त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ती त्यांना डॉक्टरांनीच दिली. कॅथलॅबच्या दाराशी नातेवाइकांना बोलावून, पडद्यावरच्या काळ्या रेघेवर बोट ठेवून, "इथे नव्वद टक्के बंद होतं, आता बघा, शून्य," असं सांगितलं जातं, तेव्हा तीही मोरीचीच भाषा असते. मग वर्षभरात त्या शून्याचे पुन्हा ऐंशी झाले, तर ऐकणाऱ्याने कारागिराला दोष द्यायचा नाही तर काय करायचं? कट्ट्यावरचा आरोप आणि दवाखान्यातलं आश्वासन ही एकाच गैरसमजाची दोन टोकं आहेत. त्यामुळे 'पुन्हा बंद होतेच, मग केलीच कशाला' या वाक्याला उत्तर द्यायचं, तर डॉक्टरांची वकिली करून भागत नाही. फुगा आत जाऊन नेमकं काय करतो, तिथून सुरुवात करावी लागते.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रुग्ण 38 वर्षांचा होता. हे फुगे ग्रुंट्झिग यांनी आधी स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवून पाहिले होते. पहिल्या 50 रुग्णांचा हिशेब त्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 32 जणांत प्रयोग यशस्वी ठरला, आणि या यशस्वी रुग्णांतला सरासरी अरुंदपणा 84 टक्क्यांवरून 34 टक्क्यांवर आला. हा 34 चा आकडा कट्ट्यावर कुणी सांगत नाही. ज्यांना यशस्वी म्हटलं, त्यांच्याही रक्तवाहिनीत एकतृतीयांश अडथळा तसाच होता, आणि तरीही त्यांची छातीतली कळ कमी झाली. तेव्हा साफसफाई अशी झालीच नव्हती. आतलं काहीही बाहेर काढलेलं नव्हतं.

फुगा काढत नाही, दाबतो. चरबी, चुना आणि तंतूंचा तो थर तडकतो, रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर फाटतं, मधला स्नायूचा थर ताणला जातो, आणि या ओढाताणीत वाट मोठी होते. उपचार म्हणून केलेली ही जखमच आहे. आणि जखम झाली की शरीर ती भरायला घेतं. पायजम्याचं इलॅस्टिक ताणून सोडलं की आखडतं, तशी वाहिनी काही तासांतच थोडी आखडते. पुढच्या आठवड्यांत मधल्या थरातल्या स्नायूपेशी वाढतात, आतल्या बाजूला सरकतात आणि नवा थर विणू लागतात. त्यानंतरच्या महिन्यांत, भाजल्याच्या व्रणावर कातडी ओढली जावी तशी, अख्खी वाहिनी बाहेरून आत आवळते. नुसत्या फुग्याच्या काळात साधारण 30 ते 40 टक्के रुग्णांत हे सगळं मिळून सहा महिन्यांत वाट पुन्हा अरुंद व्हायची. डॉक्टरांच्या भाषेत याला रिस्टेनॉसिस म्हणतात.

आता वेळेचा हिशेब पाहावा. मूळ आजार साचायला वीस-तीस वर्षं लागलेली असतात. हे नवं अरुंदपण येतं सहा महिन्यांत, आणि सहा महिन्यांत आलं नाही तर नुसत्या फुग्यानंतर ते सहसा येतही नाही. पुन्हा तुंबणारी मोरी असलं वेळापत्रक पाळत नाही. टाके घातलेली जखम मात्र पाळते.

कट्ट्याच्या उपमेची खरी परीक्षा 1990 च्या दशकात झाली, तीही मोठ्या खर्चाने. मोरीच असेल तर दाबण्यापेक्षा खरवडणं बरं, असा सरळ विचार करून वाहिनीच्या आत फिरणारं पातं तयार झालं. ते चरबीचा थर कापून, डबीत भरून बाहेर आणायचं. पडद्यावरचं चित्र देखणं दिसायचं. 'कॅव्हिएट' नावाच्या चाचणीत हजाराहून अधिक रुग्णांत या पात्याची फुग्याशी तुलना झाली आणि 1993 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद झालेल्यांचं प्रमाण फुग्याने 57 टक्के, पात्याने 50. फरक जेमतेम, आणि पात्याने सुरुवातीच्या गुंतागुंती मात्र वाढलेल्या. लेझरने जाळून पाहिलं, तोही फुग्यावर मात करू शकला नाही. आतला गाळ हाच गुन्हेगार असता, तर गाळ उपसणारी हत्यारं जिंकायला हवी होती. ती हरली, कारण ती अधिक जखम करत होती.

औषधांचीही हीच गत. उंदरांच्या धमन्यांत सिलाझाप्रिलने नवा थर रोखला म्हणून मोठ्या आशेने ते माणसांना दिलं. काही झालं नाही. माशाचं तेल झालं, स्टेरॉइड झाली. ट्रॅनिलास्ट या गोळीची चाचणी तर अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर झाली आणि 2002 मध्ये तीही निष्फळ ठरली. या सगळ्या अपयशाला 'धंदा' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे आकडे बाहेर आणले ते ज्यांची कारकीर्द फुग्यावर उभी होती त्यांनीच.

आरोपातला खरा भाग मान्य करायलाच हवा. भारतात 1986 मध्ये डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांनी फुग्याच्या या उपचाराचं, म्हणजे अँजिओप्लास्टीचं, पर्व सुरू केलं, तेव्हा आणि पुढची आठ-दहा वर्षं, दर तिघांतल्या एका रुग्णाची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होत होती. त्या काळी कुणी 'केलीच कशाला' म्हटलं असतं, तर ते उद्धटपणाचं ठरलं नसतं.

स्टेंट आला तो यावर उतारा म्हणून. 1986 मध्ये तुलूझला जाक प्युएल आणि लोझानला उलरिश सिगवार्ट यांनी हृदयाच्या वाहिनीत धातूची जाळी, म्हणजे काकांची 'स्प्रिंग', बसवली. ग्रुंट्झिग त्याच्या आदल्याच वर्षी, स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात गेले होते. 1994 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. युरोपातल्या 'बेनेस्टेंट'मध्ये पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 22 वर आलं, अमेरिकेतल्या 'स्ट्रेस'मध्ये 42 वरून 32 वर. जाळीने आखडणं थांबवलं, बाहेरून आवळणंही थांबवलं. पेशींचं विणकाम मात्र वाढवलं, कारण धातूच्या तारा वाहिनीत कायमच्या रुतलेल्या होत्या. म्हणजे जुन्या दुखण्याचे दोन पाय मोडले आणि तिसरा जाड झाला. स्टेंटच्या आत वाढणाऱ्या या थराने पुढची दहा वर्षं डॉक्टरांना झुलवलं.

विजयाच्या घोषणा याच काळात सुरू झाल्या, आणि कट्ट्यावरच्या संशयाला सर्वांत जास्त खतपाणी त्यांनीच घातलं.

पहिली घोषणा किरणोत्साराची. स्टेंटमध्ये वाढलेल्या पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणे किरणांनी जाळाव्यात, या कल्पनेतून इरिडियमचे दाणे तारेवर ओवून काही मिनिटं वाहिनीत ठेवले गेले. 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या, 55 रुग्णांच्या चाचणीत किरण न दिलेल्यांत 54 टक्के आणि दिलेल्यांत 17 टक्के असा फरक दिसला. 2000 च्या अखेरीस अमेरिकेने ही यंत्रं मंजूर केली. कॅथलॅबमध्ये किरणोपचाराचे तज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ येऊन उभे राहिले. पण किरणांनी वाईट पेशींबरोबर चांगलं अस्तरही भरू दिलं नाही. उघड्या राहिलेल्या धातूवर महिन्यांनंतर अचानक रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. किरण जिथे संपत, त्या कडांशी नवं अरुंदपण उगवू लागलं. 2006 पर्यंत हा सगळा थाट जवळजवळ गुंडाळला गेला होता.

दुसरी घोषणा मोठी होती, आणि तिच्यामागची गोष्ट सुरस आहे. 1964 मध्ये कॅनडाहून गेलेल्या एका मोहिमेने प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूने त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारं द्रव्य वेगळं केलं. बेटाच्या 'रापा नुई' या नावावरून ते रापामायसिन झालं. सेहगल ज्या औषध कंपनीत होते तिने 1983 मध्ये माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि काम थांबवलं, तेव्हा सेहगल यांनी त्या जिवाणूचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे रापामायसिन मूत्रपिंड प्रत्यारोपणाचं औषध बनलं, आणि पेशींची वाढ थोपवण्याच्या त्याच्या गुणामुळे स्टेंटवर त्याचा लेप चढला. डिसेंबर 1999 मध्ये साओ पावलोत एदुआर्दो सोउझा यांनी असा पहिला स्टेंट बसवला. आपल्याकडे ज्याला 'मेडिकेटेड स्टेंट' म्हणतात, तो हा. 2002 मध्ये 'रॅव्हेल' चाचणीचा निकाल आला: साध्या स्टेंटमध्ये 26.6 टक्के, लेप असलेल्या स्टेंटमध्ये शून्य.

शून्य! सभागृहांत टाळ्या पडल्या, प्रश्न सुटल्याचं सांगितलं गेलं. ते शून्य 238 निवडक, सोप्या रुग्णांचं होतं. मधुमेहींच्या, चुन्याने दगड झालेल्या, लांबलचक, फाट्यावरच्या वाहिन्या प्रत्यक्षात येऊ लागल्या तसा आकडा वर चढला. 2006 मध्ये बार्सिलोनातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून गदारोळ झाला. नंतरचे स्टेंट पातळ तारांचे आणि बरेच सुधारलेले आहेत, तरी अमेरिकेत आजही दर दहा अँजिओप्लास्टींपैकी साधारण एक ही आधीच्या स्टेंटमध्ये झालेल्या अरुंदपणासाठी करावी लागते. हा आकडा पाहता काकांच्या बाबतीत काही अघटित घडलेलं नाही. त्यांना आधी कुणी हे सांगितलं नव्हतं, एवढीच खरी तक्रार.

मग 'धंदा' या शब्दाचं काय? त्यालाही पुरावा आहे, पण तो वेगळ्या गुन्ह्याचा. 13 फेब्रुवारी 2017 रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत 7,260 रुपये आणि मेडिकेटेडची 29,600 रुपये ठरवली. त्याआधी मेडिकेटेड स्टेंटची सरासरी छापील किंमत एक लाख एकवीस हजारांच्या घरात होती, आणि मधल्या साखळीत सर्वांत मोठा नफा रुग्णालयांचा असल्याचं प्राधिकरणानेच मांडलं. ही लूट होती, आणि तिच्यावर बोलायलाच हवं. मात्र किमतीतली लूट आणि वाहिनीत वाढलेल्या पेशी यांचा संबंध जोडता येत नाही. नफेखोरीमुळेच वाहिन्या पुन्हा बंद होत असत्या, तर जिथे रुग्णाला बिलाची चिंता नसते, त्या युरोपातल्या 'बेनेस्टेंट'च्या रुग्णांत नुसत्या फुग्याने 32 टक्के कुठून आले असते?

'केलीच कशाला' या प्रश्नाचं एक भारदस्त रूपही आहे आणि ते कट्ट्यावर कधीच ऐकू येत नाही. 2007 च्या 'करेज' आणि 2020 च्या 'इस्केमिया' या चाचण्यांनी दाखवलं, की ज्यांचं दुखणं स्थिर आहे, चढ चढताना छातीत भरतं पण बसल्यावर थांबतं, त्यांच्यात नेटक्या औषधोपचारावर स्टेंटची भर घातल्याने मृत्यू वा झटके कमी होत नाहीत. 'इस्केमिया'त भारतातलेही रुग्ण होते. 2023 च्या 'ऑर्बिटा-2'ने मात्र हेही दाखवलं, की खोटी प्रक्रिया केलेल्यांच्या तुलनेत खऱ्या अँजिओप्लास्टीने छातीतली कळ निश्चित कमी होते. म्हणजे स्थिर रुग्णाने पहिल्या स्टेंटआधीच दोनदा विचारावं, याला भक्कम आधार आहे. पण त्याचं कारण रिस्टेनॉसिस नव्हे. झटका येऊन वाहिनी पूर्ण बंद झालेल्या माणसाला तर हा हिशेब लागूच होत नाही. तिथे मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. कट्ट्यावर दोन्ही प्रकारचे काका एकाच बाकावर बसलेले असतात आणि एकाचा सल्ला दुसरा उचलतो.

सलाइनमधून ब्लॉकेज विरघळवणाऱ्या उपचाराबद्दल फार शाई खर्च करायला नको. मधुमेह आणि आधी झटका येऊन गेलेल्या सुमारे हजार रुग्णांवर त्याची कसून चाचणी झाली. 2024 मध्ये निकाल आला. हे औषध रक्तातले धातू बांधून बाहेर काढतं, त्यामुळे रक्तातलं शिसं बरंच उतरलं. झटके, मृत्यू, पुन्हा करावे लागणारे उपचार, यांत काही फरक पडला नाही.

बायपास केली की कायमची सुटका, हाही मोरीचाच पोटभेद: जुना पाइप सोडून नवा टाका. पायाची शीर काढून जोडलेले मार्ग दहा वर्षांत सुमारे निम्मे बंद किंवा रोगट होतात. छातीतली धमनी वापरली तर ती फार टिकते. अनेक वाहिन्या खराब असलेल्या मधुमेहींसाठी बायपास सरस आहे, हे 2012 च्या 'फ्रीडम' चाचणीने पाच वर्षांच्या आकड्यांतून दाखवलं: मृत्यू, झटका किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांत 26.6 टक्के, बायपासवाल्यांत 18.7. अशा माणसाला एकामागून एक स्टेंट घालत राहणाऱ्या डॉक्टरवर कट्ट्याने खुशाल तुटून पडावं.

कट्ट्याला उत्तर देता देता आता दवाखान्यालाही दोन शब्द सुनावणं भाग आहे. 'पुन्हा बंद झालं? दुसरी स्प्रिंग टाकू' हे वाक्यही मोरीतूनच आलेलं आहे. स्टेंटमधलं अरुंदपण हा एक आजार नाही, चार-पाच वेगवेगळ्या बिघाडांचं ते एकच दिसणं आहे. बाहेरून काढलेल्या अँजिओग्राफीत ते सगळे सारखेच दिसतात. कित्येकदा मूळ स्टेंट पुरता उघडलेलाच नसतो. भोवती चुन्याचं कडं असतं आणि तीन मिलिमीटरची जाळी दोनच मिलिमीटर फुललेली असते. तिथे दुसरी जाळी घातली तर त्याच चिंचोळ्या गल्लीत धातूचे दोन थर. अशा जागी लागतो जास्त दाबाचा कडक फुगा, नाहीतर मुतखडा फोडण्याच्या तंत्रावरून उचललेले ध्वनिलहरींचे धक्के. कुठे स्टेंटची तार मोडलेली असते. कुठे जाळी नीट असते आणि आत पेशींचा थर माजलेला असतो. आणि पाच-सात वर्षांनी आलेल्या रुग्णात बहुधा स्टेंटच्या आतच नव्याने चरबी साचलेली असते. त्याची साखर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांच्याकडे न पाहता केलेली कोणतीही प्रक्रिया अर्धवट राहते. युरोपच्या नियमावलीत अशा माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55 च्या खाली हवं.

हे भेद कळण्यासाठी वाहिनीत सूक्ष्म कॅमेरा किंवा ध्वनिलहरींची नळी घालून आतून पाहावं लागतं. त्याची किंमत आहे, अनेक ठिकाणी ती बिलात वेगळी लागते, आणि म्हणून पाहणं टाळून थेट जाळी घातली जाते. चष्म्याचे पैसे वाचवून अंदाजाने मोटार हाकण्यासारखंच हे.

माजलेल्या थरावरचा सध्याचा चांगला उपाय म्हणजे, गंमत पाहा, पुन्हा फुगाच. मात्र त्यावर पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाचा लेप असतो. अर्धा-एक मिनिट तो वाहिनीच्या भिंतीला टेकतो, औषध पुसून मागे येतो, आत धातू ठेवत नाही. जर्मनीत 2006 मध्ये 52 रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीत साध्या फुग्याने 43 टक्के आणि औषधी फुग्याने 5 टक्के पुन्हा अरुंद झाले. युरोपने तो लवकर उचलला. अमेरिकेने मार्च 2024 पर्यंत वाट पाहिली, 600 रुग्णांच्या 'एजंट' चाचणीनंतर मंजुरी दिली. तिथे वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण साध्या फुग्याने 28.6 टक्के होतं, औषधी फुग्याने 17.9. रापामायसिनचाच लेप लावलेला फुगा सुरतच्या कन्सेप्ट मेडिकलने बनवला आहे आणि तो परदेशांतही तपासला जातो आहे. आधीचा स्टेंट मेडिकेटेडच असेल, तर मात्र काही रुग्णांत नवा मेडिकेटेड स्टेंट फुग्यापेक्षा अधिक टिकतो, असं एकत्रित आकडे सांगतात. त्यामुळे 'फुगाच घाला' हीही नवी आरोळी होऊ नये. 17.9 म्हणजे शंभरांत अठरा. हा आकडा सांगताना कुणी शून्याचं नाव घेऊ नये.

झुरिचच्या त्या पहिल्या रुग्णाची तपासणी 2000 मध्ये, 23 वर्षांनी, पुन्हा झाली. फुगा फुगवलेली जागा मोकळी होती. आत जाळी नव्हती, औषधाचा लेप नव्हता. त्याच्या जखमेने जास्तीचं विणकाम केलं नाही. काकांच्या जखमेने केलं. दोघांच्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही.

काकांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आहे, दुसरी स्प्रिंग टाकू म्हणालेत. विचारायचं ते एवढंच: आतून पाहून ठरवलंत की बाहेरून? पहिली जाळी पुरती उघडली होती का? फुग्याने भागेल का, नाही तर का नाही? पहिल्या स्टेंटची लांबी-रुंदी डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर असते, आणि त्या दिवसाचं सगळं चित्रण रुग्णालयाने दिलेल्या सीडीत. कार्ड फाइलमध्ये आहे. सीडी कपाटात आहे, दोन वर्षं कुणी लावून पाहिलेली नाही, आणि घरातल्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही.